दवंडी दिली

भाऊसाहेबांनी चिठ्ठी दिली. ग्रामसभा सोमवारी, अकरा वाजता,
विषय एक ते सात, आयत्या वेळचे वेगळे.
मी खुंटीवरची हलगी काढली.
म्हणाले, "अवघडे, आत्ताच फिरून या. ऊन उतरायच्या आत."

दुपारी एक वाजता घोणसगावात कोण असतं?
बाया येरळेपल्याड आल्याच्या भांगलणीला,
गडी वडूजच्या बाजारात, पोरं शाळेत.
पारावर एकटे ज्ञानूनाना,
दोन्ही कानांनी बहिरे,
माझ्या हाताकडं बघून हसले.
आणि एक शेळी. ती उठलीसुद्धा नाही.

हलगी शेकावी लागते.
पाचट पेटवून कातडं जाळावर धरायचं,
टिचकी मारून बघायचं,
टणटणलं की मगच खांद्याला.
लग्नाला शेकतो, जत्रेला शेकतो,
मयतालासुद्धा शेकतो.
सभेला कधी शेकली नाही.
गार कातडं नुसतं धप् करतं,
उशीवर थाप मारल्यासारखं.
असं कर, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
सांगावं लागत नाही.
सहा हजार पगार, तोही तीन महिन्यांनी.

रजिस्टरात एक ओळ: दवंडी दिली. खाली माझी सही.
खोटं काहीच नाही.
रजिस्टरात वेळेला रकाना नाही.
आवाजाला तर नाहीच.

सोमवारी शंभर लागत होते. नऊ आलो, मला धरून.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
चहा झाला, एकानं तंबाखू मळली,
अर्ध्या तासानं तीच सभा, तीच सतरंजी, तेच नऊ.
तहकूब सभेला माणसं मोजत नाहीत.
विषय पाच: गायरानातली आठ एकर खडी क्रशरला.
सूचक. अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.
सर्वानुमते लिहिताना भाऊसाहेब वहीकडं बघतही नाहीत,
हात बसलाय.

पहिला सुरुंग उडाला तेव्हा शालन भाकरी थापत होती.
फळीवरचा डबा खाली आला.
म्हणाली, "सभेत कुणी काय बोललं न्हाई?"
म्हटलं, सभा झाली की.
"कवा?"
मी जेवत राहिलो.

पुढची चिठ्ठी ऑगस्टात आली.
ती मी एक रात्र खिशात ठेवली.
पहाटे डेअरीच्या मागं पाचट पेटवलं.
किटल्यांची रांग लागलेली, फॅट लागायची वाट बघत माणसं जांभया देत होती.
टिचकी मारली. टण्ण.
मग जत्रेला वाजवतो तशी वाजवली.
आधी कुत्री उठली, मग दारं.
वरच्या आळीची हौसाबाई शेणाच्या हातानं बाहेर आली.
"कोण गेलं रं?"
"कुणी न्हाई. सभा हाय. सोमवारी, अकराला."
माझाच आवाज मला ओळखू येईना.

सतरंजी पुरली नाही. बाया पायऱ्यांवर बसल्या,
पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळली.
इंदूताई फडतरे उभी राहिली. "पयला विषय काय?"
"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."
"मग वाचा."
"वाचलं असं समजून पुढं..."
"न्हाई. वाचा."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
वही उघडली.
पहिलीच ओळ माझी निघाली:
गावात रीतसर दवंडी दिली.

कुणी काही बोललं नाही.
दोनशे माणसं नुसती माझ्याकडं वळली,
शालनही.
हलगी मांडीवर होती.
गार पडत चाललेली.