टिंबाने सुरू होणारी नावं

भूपेश मढवीने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला,
म्हणाला, घणसोलीची हळद आहे, ताई,
तीनशे बारा फोटो, शुक्रवारी अल्बम हवा.
मी मोजले.
सहाशे पंचवीस.

प्रत्येक फोटोमागे त्याच्याच नावाची एक सावली,
आधी टिंब, मग खाली आडवी रेघ,
वजन चार केबी, आत चित्र नाही.
आणि वरचा एक, कुठल्याच फोटोचा नसलेला,
ज्याला एवढंच आठवतं
की भूपेशच्या मॅकवर कुठली खिडकी कुठे उघडी होती.

त्याला हे दिसत नाही.
त्याच्याकडे टिंबाने सुरू होणारी नावं
पाहुणे आले की पलंगाखाली सरकवलेल्या चपलांसारखी
आपोआप आत जातात.
माझ्याकडे 'लपलेलं दाखवा' वर कायमची टिचकी,
कारण मागे एकदा अशीच एक सावली मशीनने छापायला घेतली
आणि कागदाचा अख्खा रोल गिळून बसली.
केणीशेठ कोपरखैरण्याच्या घरून
अर्धी भाकरी ताटात टाकून आले होते.

तेव्हापासून आधी झाडलोट.
शोधायच्या चौकोनात टिंब, रेघ, तारा.
सगळे निवडले, शिफ्ट दाबून डिलीट.
चार सेकंद.
तांदळातले खडेसुद्धा याहून वेळ घेतात.

भूपेश हसला.
तुमच्याकडून ड्राइव्ह परत येतो ना, म्हणाला,
तेव्हा त्यात एक 'थंब्स' नावाचं काहीतरी असतं.
ते कोण ठेवतं?

मी ते कधी पाहिलंच नव्हतं.
त्याला आणखी एक टिचकी लागते, खालची,
जी आधी दोनदा विचारते, नक्की ना?
माझं झाकलेलं त्याच्या ओट्यावर,
त्याचं माझ्या.

*

सोमवारी नवऱ्या मुलाचे वडील आले, जोमा वैती.
बसले नाहीत.
"पदाजी ज्यान हाय, ते सगले फोटू कार."
पदाजी म्हणजे पाठचा भाऊ.
हळदीला ठीक होतं सगळं.
लग्नाच्या सकाळी, मांडवातच,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा विषय निघाला.

सदतीस फोटो.
मी काढले.
दोनशे पंच्याहत्तर उरले, आणि त्यांत
एका बाजूला जरा जास्तच मोकळी जागा असलेले काही,
ते मी कापून घेतले.

रात्री शटर अर्धं ओढून
ती खालची टिचकी मारली.
आमचं विंडोज जुनं. फोटो एकदा चाळले
की प्रत्येकाची नखाएवढी नक्कल काढून ठेवतं,
आणि फोटो गेला तरी नक्कल टाकत नाही.
उघडून पाहिली.
पदाजी होता.
सदतीस वेळा.
कोपरापर्यंत हळद, पुतण्याच्या गालाला हात,
एकात दोघे भाऊ एकाच खुर्चीवर, अर्धे अर्धे,
इतके लहान की कोण कोणता, कळायला
डोळे पडद्याला लावावे लागले.

थंब्स म्हणजे अंगठे.
यांच्या बापानेही उमटवला असणार,
भातशेतं आणि मिठागरं गेली तेव्हा
कुठल्या तरी टेबलावर, निळ्या शाईत.
तो कागदही असेल अजून,
एखाद्या कपाटात, कुणाला न दिसणारा.

भूपेशच्या ड्राइव्हवरून ती फाइल काढली.
त्याला दिसली असती.
दुकानाच्या मशीनवरची काढायला गेले,
पडद्याने विचारलं, नक्की ना?
बाहेर ट्रक मागे घेत कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.
मी मशीन बंद केलं.

*

शुक्रवारी जोमा आले अल्बम न्यायला.
अंगठा जिभेला लावून एकेक पान उलटत राहिले.
अकराव्या पानावर थांबले.
"यान आनखी एक व्हता ना?"
होता, म्हटलं.

पान तसंच राहिलं थोडा वेळ.
मग त्यांनी पाकीट काढलं,
बिल किती झालं, विचारलं.