कल्ल्याचा तुकडा

चिलोए बेटावर, आचाओच्या शाळेत
एदुविना नाउएल्किन बाई
बापाच्या दोरावरून काढून आणलेला शिंपला
सुरीनं उघडतात. लहानपणापासूनचा हात.
फक्त आज कल्ल्याचा नखाएवढा तुकडा
काचेच्या बशीत, चमचाभर समुद्रात.

तुकडा चालू लागतो.

"मेलाय ना तो?" मागच्या बाकावरून कुणीतरी.
बाई सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवतात.

पक्ष्माभिका. पापणीवरून पडलेलं नाव,
पण या पापण्यांना डोळा नाही.
प्रत्येकीच्या आत नऊ जोड्या कडं धरून,
मधे दोन सुट्या.
एक ताठ होऊन पाणी मारते, वल्ह्यासारखी,
आणि परतते वाकून, अंग चोरून,
पाण्याला कळू न देता.
शेजारीण निमिषभर मागून. मग तिची शेजारीण.
हाळी कुणीच देत नाही,
तरी पाणी आत येतं, त्यातलं हिरवं तोंडाकडे जातं,
रेती बाहेर.

शाळा सुटते. बशी धुवायची राहते.

रात्री लोखंडी चुलीशी बाप खोकतो.
साठ वर्षांचा ओल्या तेपूचा धूर.
तुमच्या नळीतही असंच गवत होतं, दोन बालेमार,
डॉक्टरीण म्हणाली होती,
कफ वर वर ढकलणारं. जागोजागी करपलंय.
म्हातारा हसला होता: गवताला काय, पुन्हा उगवेल.

एदुविना त्याच्या पाठीवर हात फिरवते,
खालून वर,
हात उचलून पुन्हा खालून,
उजाडेपर्यंत.

तिकडे अंधाऱ्या वर्गात तो तुकडा
बशीच्या काठाला लागला असेल.