कडता

तुर्भ्याच्या दाणाबंदरात, आमच्या गाळ्यात
परवा तूर उतरली. मोझांबिकची.
न्हावा-शेव्याला कंटेनर नऊ दिवस उभा,
पोत्यांना आतून घाम फुटलेला
आणि वास धुराचा, शेणाचा,
आपल्याच कुठल्यातरी खळ्याचा.

मी मेहताजी. माझं काम मोजायचं.
पोत्यामागे दोनशे ग्रॅम कडता धरायचा.
का, ते विचारायचं नसतं.
वजनात हवा असते, माती असते,
शेठ असतो.

एका पोत्याचं तोंड सुतळीनं नाही,
चिंधीनं शिवलेलं. लाल, त्यावर पिवळे मासे.
टाका ओळखीचा. आई गोधडीला घालायची
तोच, धावता.
बाई घाईत होती कुणीतरी.

लंकाबाई वाघमोडे गाळा झाडते.
पगार नाही. सांडेल ते झाडण तिचं
असा करार, तोंडी, सोळा वर्षांचा.
चिंधी तिनं मागून घेतली, म्हणाली,
"मेहताजी, तिकडं तूर कशी करतेत? फोडणी कशाची?"
मी म्हटलं, तिकडे फारशी खात नाहीत,
आपल्यासाठीच पेरतात.
तिनं खराटा भिंतीला टेकवला.
"मग तिथलं झाडण कोण नेतं?"

शेठच्या टेबलावर पेपर होता.
आफ्रिका वाढते आहे, असं त्यात,
आणि एक हिरवा बाण,
पामबीच रोडच्या टॉवरसारखा सरळ वर गेलेला.
बाणाला तळमजला नव्हता.

दुपारी भाव मंद. मी उलटा हिशेब धरला.
सीवूडच्या मॉलमधल्या पाकिटापासून मागे मागे:
मॉल, मिल, शेठ, दलाल, बंदर, जहाज,
पुन्हा बंदर, पुन्हा दलाल, कुणाचा तरी ट्रक,
ज्याचा त्याचा कडता कापत गेलो.
बाईपाशी पोचायच्या आत
आकडा संपला.
दोनदा करून पाहिला.

संध्याकाळी लंकाबाईनं झाडण पाखडलं.
खडे निघाले, एक बाटलीचं बूच निघालं
न वाचता येणाऱ्या अक्षरांचं,
ते तिनं नातवासाठी कनवटीला लावलं.
उरली तूर सव्वा किलो.
पिशवीचं तोंड त्याच चिंधीनं बांधलं,
एक मासा वर येईल अशी गाठ.

गेटवर रखवालदार म्हणाला, दाखव.
गाठ सोडली. त्यानं पसाभर काढून घेतली.
रोजच घेतो.

तिनं पुन्हा गाठ मारली.
मासा या वेळी आत गेला.