गरज पडल्यास

मिलवॉकीत ऑक्टोबर. तळ्यावरचा वारा
खिडकीच्या फटीतून बोटं घालतो
आणि मी ओट्याशी उभी, एका हाताने भाजणी मळत,
एका हाताने छोटंसं अवजार लिहिते आहे.
त्याचं काम एवढंच: विचारलं की सांगायचं,
बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये कोण, कुणाशी, कुठे, किती वाजता.

विचारणारी माणसं नाहीत, एजंट आहेत.
एजंट म्हटलं की मला अजून विम्याचा हप्ता आठवतो,
फडतरेकाकांची काळी बॅग, बशीतून प्यालेला चहा.
हे एजंट बसत नाहीत.
विचारतात, घेतात, जातात.

पहिले चार सामने सरळ.
पाचव्यापासून तक्त्यात एक चांदणी,
आणि तळाशी बारीक अक्षरात: गरज पडल्यास.

आता हे यंत्राला कसं सांगू?
आहे म्हटलं तर ते कुणाला तरी तिकीट काढायला लावेल.
नाही म्हटलं तर विसरूनच जाईल.
रिकामं सोडलं तर मनचं भरेल;
रिकाम्या रकान्याला ते फार भितं.

बाबा कराड आगारात कंट्रोलर होते.
फळ्यावर खडूने गाड्या लिहायचे,
आणि जिचा पत्ताच नाही तिच्यापुढे
दोन शब्द: आल्यावर सुटेल.
तेवढ्यावर माणसं बोचक्याला टेकून बसायची,
शेंगा फोडायची,
बाबांना शिव्या द्यायची, पण बसायची.
मी रकान्यात तेच लिहिलं. इंग्रजीत, जरा लांबवून.

चूक मात्र भलतीकडेच झाली.

मंगळवारचा सामना संध्याकाळी सात आठला.
तेव्हा ग्रीनिचमध्ये बुधवार लागून आठ मिनिटं झालेली.
मी तारीख तिथली उचलली, वेळ इथली.
बुधवारी वरच्या मजल्यावर युजीन वॉयचिक,
कातडी कमावण्याच्या कारखान्यातून निवृत्त,
टोपी घालून, खारे दाणे बशीत काढून टीव्हीसमोर.
टीव्हीवर भोपळ्याचं सूप शिजत होतं.

जिन्यात ऐकू येत होतं सगळं.
ते टॅबलेटला विचारत होते,
टॅबलेट माझ्या अवजाराला,
आणि माझं अवजार, न अडखळता:
आज, सात आठ.

दुरुस्ती दोन ओळींची.
ती करून, पहिल्या घाण्याच्या चकल्या डब्यात घालून
मी वर गेले. म्हटलं, ती चूक माझी होती.

त्यांनी चकली फिरवून फिरवून पाहिली,
हिला तोंड कुठलं ते शोधत.
"मंगळवारी रेडिओवर ऐकला ना मी.
दहाव्या डावात हरलो."

मग काल टोपी कशाला?

"ते म्हणालं, सामना आज आहे.
मी म्हटलं, असेल बाबा."
चकली मोडली. तुकडे गुडघ्यावर.
"पुन्हा झाला असता तर
मला चाललं असतं."

मालिका पाचव्यातच संपली.
सहावा, सातवा पुसून टाकायचे, असा नियम मीच केलेला.
बाबा ओल्या फडक्याने फळा पुसायचे,
तरी सकाळच्या उन्हात तिरकं पाहिलं
की कालची रद्द झालेली विटा गाडी वाचता यायची.
मी दोन्ही ओळी ठेवल्या.
त्या रात्री लॉगमध्ये, पावणेतीनला,
कुठून ते कळत नाही,
कुणीतरी विचारलं होतं: सातवा कधी?
उत्तर गेलं होतं: शनिवार, आपल्याच मैदानावर, सात आठ.
गरज पडली नाही.

रविवारी दारात माझा डबा.
उचलला तर जड.
आत बडीशेपेच्या पाल्यात मुरलेल्या काकड्या,
झाकणाला रबर लावलेलं.
डबा रिकामा परत करायचा नसतो,
हे त्यांना कुणी सांगितलं?