हात कोणत्या हद्दीत

व्हर्न टिबेट्सचा उजवा हात नेवाडात सापडला,
खाणीतल्या खडीच्या पट्ट्यात, पहाटे चारला.
कंपनीचं ऑफिस आयडाहोत.
घर इकडे ओरेगॉनमध्ये, कांद्याच्या गोदामामागे,
आमच्या दवाखान्यापासून सहा मैलांवर.
म्हणून तो आमच्याकडे आला.
बरं व्हायला माणूस घराजवळ येतो,
एवढं लिहायला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

मी बिलं पाठवते. एकोणीस वर्षं झाली.
आतल्या खोलीत जून नाकाशिमा
त्याची बोटं गरम मेणात बुडवते,
एकेक सोडवते, मोजते, लिहून ठेवते:
पकड अकरा पौंड.
बाहेर मी ते अकरा पौंड
डॉलरमध्ये लिहिते आणि फॅक्स करते.

आयडाहो म्हणालं, अपघात आमच्याकडे झाला नाही.
नेवाडा म्हणालं, मालक आमच्या वहीत नाही.
ओरेगॉन म्हणालं, नेमणूक इथली आहे का, पुरावा द्या.
तिघांनीही अगदी नम्रपणे हात वर केले.
सहा धडधाकट हात.

फोनवर मला वाट पाहायला लावतात तेव्हा
पियानो वाजतो, तोच तुकडा, पुन्हा पुन्हा.
आता भांडी घासताना मीच तो गुणगुणते.
नवरा म्हणतो, मारीलू, हे कुठलं गाणं?
मी म्हणते, दाव्यांचा विभाग.

पकड एकोणीस.

मग एकीनं, आवाजावरून तरुण असावी, विचारलं,
नोकरीचा करार कुठे झाला?
म्हणजे तो "हो" म्हणाला तेव्हा
नेमका कुठे उभा होता?
सगळं त्यावर आहे, मॅडम.

मी व्हर्नला विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला.
"फोन आला तेव्हा पेट्रोल भरत होतो.
सीमेवरचा तो पंप नाही का,
गल्ला एका राज्यात, संडास दुसऱ्यात."
तू कुठल्या बाजूला होतास?
"गाडीच्या," तो म्हणाला.

हे मी जसंच्या तसं लिहून पाठवलं.
उत्तर आलं नाही.

सव्विसाव्या भेटीनंतर तो माझ्या खिडकीशी थांबला.
डाव्या हातानं पाकीट काढलं,
काउंटरवर ठेवलं, उजव्यानं उघडायला लागला.
मी पाहत राहिले. जूनही दारात आली.
अंगठा सरकला, अडला, पुन्हा सरकला.
शंभराच्या चार नोटा. एकेक सुटी करून ठेवली.
"बाकीचे कांदे निघाल्यावर."

मला त्या परत द्याव्या लागल्या.
कायदा आहे, व्हर्न. कामावर लागलेलं असेल
तर कामगाराकडून एक पैसा घ्यायचा नाही.
"मग तुम्हाला देणार कोण?"
तेच तर ठरायचंय.
"आणि नाहीच ठरलं तर?"
मी टोपणाचं पेन उघडून पुन्हा बंद केलं.

त्याला राग आला. माझा नाही,
पण समोर मीच होते.
नोटा उचलायला त्याला ठेवण्याहून जास्त वेळ लागला.
मी मदत केली नाही.
जूननं सांगून ठेवलंय, करायची नाही.

काल चौदा महिन्यांनी एक पाकीट आलं,
खिडकीचं, पातळ. नेवाडाच्या दरानं,
एका भेटीचे एकसष्ट डॉलर चाळीस सेंट.
खाली बारीक अक्षरात: हे देणं म्हणजे
जबाबदारी मान्य केली असं नव्हे.
उरलेल्या पंचवीस भेटींचं
घोंगडं अजून भिजतंय.

जूनला चेक दाखवला.
ती मेणाचं भांडं पुसत होती. म्हणाली,
कुठली भेट गं ही?
तारीख पाहिली. ऑगस्टमधली, नववी.
त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा
लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवलं होतं.
उघडलं नव्हतं. फिरलं होतं, एवढंच.

शेवटची पकड त्रेचाळीस.
सोमवारी पुन्हा फोन करीन.
पियानोचा तो तुकडा मध्येच तुटतो,
तिथे पुढचे दोन सूर
मी स्वतःच भरते.