जाऊन-येऊन

कोर्ट नाक्याला, दुसऱ्या मजल्यावर,
लोटणकर मॅडमनी फाईल स्वतःकडे तोंड करून उघडली.
मला दिसत होती ती उलटी अक्षरं.
शाळेत पुढच्या बाकावरून वळून
मागच्या मुलीची वही मी अशीच वाचायचे.

"बाई सापडल्या. भेटून आले. संमती नाही."

बाई. बरोबर आहे.
आई घरी असते, उथळसरला.
तिनंच ट्रंकेतला कागद काढून दिला होता,
म्हणाली, घड्यांवर फाटतोय, आधी लॅमिनेट करून घे.

मी विचारलं, त्या नेमकं काय म्हणाल्या?
'नाही' म्हणाल्या, की 'नको'?
मॅडमनी चष्मा काढला.
"असं लिहायला रकाना नसतो हो."

नाही म्हणजे दार.
नको म्हणजे ताटावर आडवा धरलेला हात,
ज्याच्या बोटांमधूनसुद्धा वाढणारी थोडं वाढतेच.
नको म्हणजे आत्ता नको, असंही असतं.
नको गं. नको हो. नकोच.
काही गावांत त्याचं मुलीचं नावही करतात,
तेवढं माझं झालं नाही.
संस्थेच्या वहीत 'बकुळ' आहे,
आणि वजन, दोन किलो शंभर.

मॅडम पाणी प्यायला उठल्या.
फाईलला एक व्हाउचर टाचलेलं होतं, उलटं:
रिक्षाभाडे, जाऊन-येऊन, रु. १०४.

बाबा जन्मभर वागळे इस्टेटमध्ये कॉस्टिंगला होते.
हिशोब माझ्या बोटांत आहे, रक्तात नसेल.
एकशे चार, म्हणजे बावन्न.
बावन्न म्हणजे तीन किलोमीटर.
एक्केचाळीस वर्षं
तीन किलोमीटर.
किंवा मागच्याच महिन्यात राहायला आल्या असतील, कुणास ठाऊक.

नकाशावर वाटी पालथी घालून गोल काढता येईल.
कोपरी येते, राबोडी येते, माजिवडा काठावर,
आणि बराच भाग खाडीत जातो,
तिथे कुणी राहत नाही.
एखाद्या बुधवारी आम्ही दोघींनी
एकाच पापलेटाचे कल्ले उचकून पाहिले असतील,
आणि तिसरीनंच ते नेलं असेल.

मॅडम परत आल्या. मी पोच दिली,
सही केली, हेमांगी विश्राम टिपणीस.
त्यांनी व्हाउचरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
फाईल मिटली.

खाली रिक्षा केली. घर जवळ,
तरी म्हटलं, खोपटवरून घ्या, फिरून.
मीटर सव्वीसवरच बसून होतं बराच वेळ,
मग घाई केल्यासारखं पळायला लागलं.
बावन्नला रिक्षा अडकली, पुढे टँकर आडवा.
एक इस्त्रीवाला. एक पिठाची गिरणी.
पहिल्या मजल्यावर वाळत घातलेली पोपटी साडी,
कुणाची तरी.
रिक्षावाला म्हणाला,
"मॅडम, आत घेऊ का, डावीकडे?"

मी म्हणाले, "नको."

आणि ऐकत राहिले
कसं म्हणाले ते.