उत्तरेचा उजेड

दार आता आपोआप उघडतं.
बाबा असते तर थबकले असते:
ज्याला खांदा लावल्याशिवाय
आत पाऊल पडायचं नाही
ते कुणालाही असं कसं येऊ देतं?

सुनेने टेबल राखून ठेवलंय, साडेबाराचं.
मारलूस म्हणते, "आई, तुमचाच बाजार आहे, बघा तरी."
माझा कसला? मंगळवारी बायकांना इथे
जिन्याखालच्या बाकापर्यंतच मुभा होती.
मी सात वर्षांची, मांडीवर बाबांचा डबा घेऊन बसायचे
आणि बूटच बूट बघायचे,
चिखल कुठल्या गावचा ते रंगावरून ओळखायचे.
निळसर करडा म्हणजे समुद्राकडचे.
काळा म्हणजे दलदलीतले, आणि ते उधार मागणार.

बाकाच्या जागी आता घड्याळं.
काचेत एकेकटी, मऊ गादीवर,
आजाऱ्यासारखी.
किंमत लिहिलेली नाही.
ती इथे पूर्वीही लिहीत नसत,
हातावर हात आपटून सांगत.
"बोल, विब्रेन!" टाळी. "नाही." टाळी.
सहाव्या-सातव्या टाळीला गव्हाचं लग्न ठरे
आणि लाल तळवे घेऊन माणसं बिअर प्यायला जात.

वर बघितलं. छप्पर तेच.
काच फक्त उत्तरेच्या अंगाला,
कारण दक्षिणेचं ऊन लबाड, बाबा म्हणायचे,
मेलेल्या दाण्यालाही सोनं करून दाखवतं.
उत्तरेचा उजेड कुणाची भीड धरत नाही.
त्या उजेडात आता
एक बाई नवी लिपस्टिक लावून पाहतेय.
आरसा तिरका करते, पुन्हा करते,
आणि कांडी जागच्या जागी ठेवून देते.
बाबांनी कितीदा असाच
मूठभर जव पोत्यात परत सोडला असेल.

मेनूतही जव आहे. जुन्या वाणाचा,
मंद आचेवर, रानातल्या मशरूमसोबत. चोवीस युरो.
आमच्याकडे तो ताकात शिजायचा, सोमवारी,
कारण सोमवारी धुणं असायचं
आणि त्याच्याकडे बघावं लागत नसे.
मी तोच मागवला.
खोटं कशाला बोलू? आईच्यापेक्षा चांगला होता.

टेबलावर फुलदाणीत कणसांची जुडी.
बोलता बोलता हात गेला.
एक दाणा सोलला, दाढेखाली धरला.
कटकन फुटला तर कोरडा,
दबला तर ओला, ओल्याला भाव नाही:
घराण्याची एवढी एकच विद्या माझ्याकडे.
फुटला नाही. दबलाही नाही.
दाताला रोगण लागलं.

मारलूसने टेबलाखालून पाय लावला,
पण वेटरने पाहिलं होतं.
छातीवर नाव: त्स्वेतान.
पावाचा चुरा ओढायची चांदीची पट्टी
मध्येच थांबवून तो हळूच म्हणाला,
"आमच्याकडे बाटलीत मिठाबरोबर हलवतात.
मीठ काचेला चिकटलं की बाप शिव्या घालायचा."
"आमच्याकडे म्हणजे?"
"दोब्रुजा. आता तिथे सगळं सूर्यफूल."
मग चुरा तळहातावर घेतला त्याने, नीट, एक कण न सांडता,
जसे आई मंगळवारी रात्री
बाबांच्या विजारीच्या दुमडीतून काढायची
पाच गावांचे दाणे
कोंबड्यांसाठी.

बिल आलं. मारलूस पर्समध्ये फोन शोधत होती.
त्स्वेतानच्या एका हातात यंत्र,
दुसरा हात मोकळा, अर्धवट पुढे आलेला,
कशासाठी ते त्यालाच ठाऊक.
मी त्यावर टाळी दिली.
तो दचकला. मग त्याने दिली, जोरात.
मी पुन्हा. "बावीस!" म्हणाले.
त्या उंच छपरात आवाज घुमला, घड्याळांपाशी
दोन माणसं वळून बघू लागली.

"आई," मारलूस म्हणाली, "पैसे गेले.
आधीच गेले."